सातवं कापड

सी वसाहत, दक्षिण सुमात्रा
१६ मार्च १९८६

न्दुक वार्सिती,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला म्हणून फुरंगटून बसू नकोस. टपालाची होडी आठवड्यातून एकदा येते, आणि नेमकी त्या दिवशी मी शेतात तरी असते नाहीतर कंटाळलेली तरी. आमचं बरं चाललंय. सिंबोकला सांग, तुझी थोरली चांगली जाडजूड झालीय. खरं नाही, पण तिला वाचून दाखवताना तसंच वाच. आईला जाड मुलगी आवडते.

रानडुकरांनी पुन्हा कसावा उकरला. आमचा नवरोबा गिमान दिवसा कुंपण बांधतो, डुकरं ते मोडतात, मग तो परत बांधतो. दोघांनाही दुसरा उद्योग नाही. जावा सोडून इथे आलो तेव्हा सरकारने जमीन दिली, घर दिलं, कोंबड्या दिल्या. डुकरांबद्दल कुणी बोललं नव्हतं.

आता पुढचं तिला वाचू नकोस. माझी पाळी या खेपेला थांबायचं नावच घेत नाही. फार नाही जात, थोडं थोडं तपकिरी, मध्येच लाल. कंबर धरून येते. सुईणबाई महिन्यातून एकदा येतात, त्यांची फेरी परवाच होऊन गेली. घाबरण्यासारखं काही नाही, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि सांगायला माझ्या धाकट्या न्दुकशिवाय आहे कोण.

तुझी
यू रुबिनेम


कुदुस
४ एप्रिल १९८६

यू,

सिंबोकला वाचून दाखवलं. 'जाड झालीय' ऐकून तिने तीनदा 'परत वाच' म्हटलं. मी परत वाचलं, आणि प्रत्येक वेळी तुला थोडी आणखी जाड केली. आता गल्लीभर झालंय की रुबिनेम दारातून आडवी होऊन आत जाते.

माझं तेच. सकाळी कारखान्यात जायचं, समोरची बाई लवंग घातलेल्या सिगारेटी वळते, मी कात्रीने टोकं छाटते. बोटांचा लवंगेचा वास जेवतानाही जात नाही. सिंबोक म्हणते, हा वास आला की चांगली स्थळं पळून जातात. मी म्हटलं, पहिला नवरा पळाला तेव्हा मी कारखान्यात नव्हते. त्यावर ती दोन दिवस बोलली नाही, घर शांत होतं.

तू लिहिलंस ते वाचून मला झोप लागली नाही. 'घाबरण्यासारखं नाही' म्हणे. मी काय आज ओळखते माझ्या थोरल्या यूला? तू न लिहिलेलंही मला कळतं. बाजारात झाडपाल्याची औषधं विकणाऱ्या म्हाताऱ्या जामूवालीकडे जाऊन तुझ्यासाठी मुळ्या आणल्यात. रक्तावरचंच औषध आहे, नीट विचारून आणलंय. तीन वाट्या पाण्याची एक वाटी होईस्तोवर उकळ आणि संध्याकाळी घे, तीन दिवस. चव शत्रूलाही देऊ नये अशी आहे, म्हणून सोबत ताडाचा गूळ बांधलाय. गूळ आधी संपवू नकोस. आपल्या गल्लीतले पाक कस्नान तुमच्याच वसाहतीत मुलाकडे निघालेत, त्यांच्याबरोबर पुरचुंडी आणि हे पत्र पाठवते, म्हणजे होडीची वाट बघायला नको.

काळजी घे. जड काही उचलू नकोस. डुकरांना गिमानकाकांवर सोड.

वार्सिती

ता. क. गिमानकाका म्हटलं की तो चिडतो ना अजून? मुद्दाम वाचून दाखव.


सी वसाहत
४ मे १९८६

न्दुक,

बस, आधी बूड टेक. मी तुझ्याशी खोटं बोलले होते. ती पाळी नव्हती. मला दिवस गेलेत, आणि आज चार महिने भरले.

मागच्या दोन्ही वेळी मी दुसऱ्याच आठवड्यात बोलून बसले. तुला आठवतं, पहिल्या खेपेला सिंबोकने अख्ख्या गल्लीला केळी वाटली होती. मग त्याच बायका एकेक करून सांत्वनाला आल्या. या वेळी मनाशी ठरवलं, चौथ्या महिन्याचं जेवण होऊन दुआ म्हटली जाईस्तोवर गिमानखेरीज जिवंत माणसाला कळू द्यायचं नाही. तुलासुद्धा नाही. काल ते झालं. भाताचे कतुपात कमी पडले, कारण इथली माणसं बोलावलं एकाला की येतात चार. गिमान सगळ्यांसमोर रडला आणि मग म्हणाला कांदा लागला. तिथे कांदा नव्हता.

पण तुला कळलंच होतं ना? तू लिहिलंस, न लिहिलेलंही कळतं. पुरचुंडी उघडली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, पोरीने ओळखलं, आणि ओळखूनही विचारलं नाही, नुसतं मूल टिकवायचं औषध पाठवून दिलं. अशी बहीण कुणाला मिळते. तीन संध्याकाळी प्याले. दुसऱ्या दिवशी इतकं लाल गेलं की मी गिमानला म्हटलं, संपलं. नुसती पडून राहिले, भिंतीकडे तोंड करून. आणि मग हळूहळू थांबलं. गेले वीस-पंचवीस दिवस काही नाही. सुईणबाईंनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, वाढ बरोबर आहे.

मी मुळ्यांबद्दल त्यांना बोलले नाही. त्या शहरात शिकलेल्या, जामू म्हटलं की नाक मुरडतात. पण मला माहीत आहे, हे मूल तुझ्या हाताने टिकलं. निम्म्या मुळ्या शिल्लक आहेत, जपून ठेवल्यात.

आता सिंबोकला सगळं वाच. मोठ्याने वाच.

रुबिनेम


कुदुस
२८ मे १९८६

यू रुबिनेम,

पत्र पोचलं. सिंबोकला वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग रडली, मग बाळ सुखरूप झालं तर बोकड कापीन असा नवस बोलली. रोजे चालू आहेत म्हणून, नाहीतर केळी वाटून मोकळी झाली असती. मीच म्हटलं, थांब, या वेळी थांबू.

एक लक्षात ठेव. त्या उरलेल्या मुळ्या टाकून दे. जुन्या झाल्या की त्या बाधतात, असं जामूवाली म्हणते. आता गरजही नाही. ठेवू नकोस घरात. लांब टाक, कोंबड्यांनी खाल्ल्या तर त्याही मरतील.

मी तेव्हा ओळखलं होतं की नाही, ते राहू दे. सुईणबाई सांगतील तसं वाग. सगळं त्यांना सांगत जा.

मुळ्या टाकल्या की तसं कळव.

वार्सिती


सी वसाहत
२२ जून १९८६

न्दुक वार्सिती,

हे काय पत्र म्हणायचं? सरकारी नोटीस यापेक्षा लाडाने लिहितात. मी गिमानला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, रागावलीय. मलाही तेच वाटतं. तुला आधी सांगितलं नाही, याचा राग. बरोबर आहे तुझं. तुझं लग्न मोडलं तेव्हा तू सगळ्यांत आधी मला सांगितलं होतंस, अंगणाच्या फाटकाशी उभी राहून, आणि मी मात्र तुला चार महिने ताटकळत ठेवलं. माफ कर. ईद झाली, आता तरी माफ करायला हवं.

मुळ्या मी टाकणार नाही. तू पाठवलेली वस्तू टाकायला मला वेड लागलंय का? चुलीच्या वर आढ्याला टांगल्यात, धुराने किडा लागत नाही. सुईणबाईंनी परवा लाकडी नळी पोटाला लावून ऐकलं आणि मग गिमानलाही ऐकू दिलं. तो म्हणतो, आत कुणीतरी भात कांडतंय. त्या म्हणाल्या, सुरुवातीला असं रक्त गेलेल्या बऱ्याच जणींचं पुढे सगळं नीट होतं. काहींची मुलं मात्र लवकर येतात, अशक्त असतात. कुणाचं काय होईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून जपायचं. मी जपतेय. पण त्यांना आणायला होडी हवी, आणि होडी यायला अर्धा दिवस जातो. तेवढ्या वेळात लाल दिसलं तर माझ्याजवळ तुझी पुरचुंडी आहे, या विचाराने मला झोप लागते.

आता काम ऐक. पुढच्या महिन्याच्या शेवटी सातव्या महिन्याची आंघोळ. इथे बायका गोळा करीन, पण कापडं नाहीत. सिंबोकच्या पेटीतली सात पाठव. सातवं ते जुनं पट्ट्यांचं लुरिक, तिने आपल्या दोघींच्या वेळी नेसलेलं, ते विसरू नकोस. आत्याच्या वेळचं तुला आठवतं का? एकेक भारी कापड तिच्या अंगाला लावायचे आणि सगळ्या बायका ओरडायच्या, नाही शोभत. सहाही नाकारायची आणि सातव्या साध्या कापडाला 'शोभतं' म्हणायचं. तू दहा वर्षांची घोडी, तिसऱ्यालाच केवढ्याने ओरडलीस, शोभतं! आत्या ओल्या अंगाने इतकी हसली की तिला खाली बसवावं लागलं. तुझा कान पिळला तो मीच.

तू असतीस तर या वेळीही चुकीच्याच कापडाला ओरडली असतीस. ये ना.

तुझी
यू रुबिनेम

बाळ लाथा मारतंय. डाव्या बाजूला, गिमानसारखं, विनाकारण.


कुदुस
९ जुलै १९८६

यू,

हे वाचताक्षणी पुरचुंडी चुलीत टाक. मग पुढचं वाच.

मी काही ओळखलं नव्हतं. मला वाटलं, तुझी पाळी बिघडलीय, तू लिहिलंस तशी. जामूवालीने मला विचारलं होतं, पोटात काही आहे का तिच्या. दोनदा विचारलं. मी हसले. म्हटलं, असतं तर मला सगळ्यांत आधी कळलं असतं, आमच्या यूच्या तोंडात तीळ भिजत नाही. तेव्हा तिने त्या मुळ्या दिल्या. त्या टिकवायच्या नाहीत. आत साकळलेलं सगळं बाहेर काढायच्या आहेत. ज्या बायकांना मूल नको असतं त्याही तिच्याकडून त्याच नेतात, हे तिने मला नंतर सांगितलं. तुझं मे महिन्यातलं पत्र आलं तशी मी धावत तिच्याकडे गेले होते. तिने माझ्याकडे बघून पाट्यावरचा हात थांबवला.

तुझ्या बाळाला मी वाचवलं नाही. ते माझ्यापासून वाचलं.

तेव्हाच लिहायला हवं होतं. पण तू लिहिलं होतंस, अशी बहीण कुणाला मिळते. ते वाक्य मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. वाटलं, मुळ्या टाकायला सांगते, ती टाकेल, आणि कुणालाच काही कळायला नको. माझी यू माझं कधी ऐकत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

आज तारेच्या खिडकीशी दोनदा रांगेत उभी राहिले. कारकून म्हणाला, तुमच्या वसाहतीला तार जात नाही, जवळच्या गावापर्यंत जाते आणि मग त्याच होडीने, पत्रांबरोबर. तरीही पाठवली असती. पण त्याने पेन्सिल उचलून म्हटलं, सांगा मजकूर, आणि मी रांगेतून बाहेर पडले. मागे माणसं खोळंबली होती.

कापडं पाक कस्नानच्या पुतण्याबरोबर येतात, तो दहा-बारा दिवसांत निघेल. सातही आहेत. सिंबोकने लुरिक स्वतः धुतलं. तिला काही सांगितलं नाही.

लाल दिसलं तर काहीही पिऊ नकोस. फक्त पडून राहा आणि होडी बोलाव.

वार्सिती


सी वसाहत
२१ जुलै १९८६

वार्सिती,

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घे. रुबिनेम लिहू शकत नाही म्हणून मी लिहितो.

मंगळवारी उजाडताना तिला लाल दिसलं. तिने तुझ्या मुळ्या उकळायला सांगितल्या. लाकूड ओलं होतं, चूल पेटेना, मी कुऱ्हाड शोधत बसलो, त्यात वेळ गेला. ती सगळं प्याली, गाळसुद्धा. मग मी होडी आणायला गेलो. मी परत आलो तेव्हा सुईणबाई सोबत होत्या, पण शेजारणीच्या हातात बाळ झालेलं होतं. मुलगी. माझ्या दोन तळहातांवर मावत होती. श्वास घेत होती. सुईणबाईंनी तिला रुबिनेमच्या छातीशी बांधलं. दुपारच्या नमाजापर्यंत श्वास होता, नंतर नाही.

मी तिच्या कानात अजान म्हटली. नाव रहायु ठेवलं. रबराच्या झाडांमागे पुरलं, डुकरं येऊ नयेत म्हणून वर दगड रचले.

वार मी धुतली, मीठ घालून मडक्यात ठेवली आणि दाराशी पुरून वर दिवा लावला. तशी रीत आहे म्हणून केलं. शेजारी म्हणाले, मूल नाही तर दिवा कशाला. मी रोज संध्याकाळी लावतो. विझव असं रुबिनेम म्हणाली नाही.

मुळ्यांबद्दल तुझे आभार मानायचे आहेत. मी चूल लवकर पेटवली असती तर त्या कामी आल्या असत्या. त्यात तुझा काही दोष नाही.

तुझं एक पत्र याच होडीने आलंय. तिच्या नावाचं आहे म्हणून मी उघडलं नाही. उठून बसली की देतो.

गिमान


कुदुस
३० ऑगस्ट १९८६

यू,

सहा आठवडे झाले. एक ओळ लिही. शिव्या लिही. नुसता कागद पाकिटात घालून पाठवलास तरी चालेल.

सिंबोकला मी सांगितलेलं नाही. गिमानचं पत्र आलं तेव्हा ती बोकडाला पाला घालत होती. तिने बोकड आणून बांधलाय, अंगणात. मला म्हणाली, वाच. मी वाचलं. कुंपणाचं वाचलं, डुकरांचं वाचलं, रुबिनेम आंघोळीच्या वेळी फार सुंदर दिसत होती असं वाचलं. त्या कागदावर यातलं काही नव्हतं. ती म्हणाली, गिमान हल्ली किती छान लिहायला लागलाय.

आता रोज विचारते, झालं का बाळ. मी म्हणते, दिवस आहेत अजून.

वार्सिती


सी वसाहत
५ ऑक्टोबर १९८६

वार्सिती,

तुझं जुलैचं पत्र मी वाचलं. किती वेळा ते मीही सांगत नाही.

मी आधी तुला एक वेगळं पत्र लिहिलं होतं. त्यात लिहिलं होतं की मुळ्या मी कधीच टाकल्या, गिमानची गफलत झाली, त्या दिवशी उकळलं ते दुसरंच काहीतरी होतं. चांगलं जमलं होतं. पण गिमानने तुला सगळं आधीच लिहिलंय, आणि तू काही मूर्ख नाहीस. फाडून टाकलं.

मी प्याले. तुझ्या नावाने प्याले. प्रत्येक घोटाला म्हटलं, वार्सिती, एवढ्या वेळी आणखी एकदा वाचव.

मी सुईणबाईंना सगळं सांगितलं, तुझं नाव न घेता. त्यांनी ओरडायला हवं होतं, त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, आधी रक्त जाऊन सावरलेल्या बायकांची मुलं कधी कधी अशीच लवकर येतात, काहीही न पिता. तुमच्या बाबतीत पहाटे रक्त आधी दिसलं, मुळ्या नंतर प्यालात. मुळ्यांनी झालं का, मला सांगता यायचं नाही. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला सांगता येईल? शहरात, मोठ्या दवाखान्यात? त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, मग मी काय करू? त्यांनी माझा हात धरला आणि होडीवाल्याने हाक मारली म्हणून त्या गेल्या.

तुझा मला राग येतो. सकाळी उठल्यावर सगळ्यांत जास्त. मग दुपारी माझा येतो, की मी तोंड शिवून बसले. तुला पहिल्या पत्रात एक शब्द लिहिला असता तर जामूवालीला तू खरं उत्तर दिलं असतंस. मागच्या दोन वेळी बोलले म्हणून गेली, या वेळी बोलले नाही म्हणून गेली. तर मग बायकांनी वागायचं कसं, हे कुणीतरी मला सांगावं.

तुझं पत्र मी गिमानला वाचून दाखवलेलं नाही. तो अजून कुऱ्हाड घेऊन बसलाय. रोज लाकूड फोडतो, वाळवतो, रचतो. घराभोवती छपरापर्यंत लाकूड झालंय. म्हणतो, पुन्हा कधी चूल पेटायला उशीर नको. त्याला खरं सांगितलं तर तो तुला जन्मभर माफ करणार नाही, आणि नाही सांगितलं तर स्वतःला. यातलं काय निवडायचं ते तू सांग. मला दोघंही हवे आहात. मला निवडता येत नाही.

दिवा आता लावत नाही. रीतीचे दिवस कधीच संपले होते. मग तेलही संपलं, आणि त्याने नवीन आणलं नाही.

कापडं मिळाली. ऑगस्टमध्येच मिळाली होती, कस्नानच्या पुतण्याला वाटेत ताप आला म्हणून उशीर. गाठोडं कोपऱ्यात पडून होतं. काल गिमान लाकडाला गेल्यावर मी सोडलं. सगळ्यांना सिंबोकच्या पेटीतला वास होता. बसल्या बसल्या एकेक अंगाला लावलं. सवयीने तोंडातून निघालं, नाही शोभत. दुसरं, नाही शोभत. तिसऱ्याला तुझी आठवण झाली, मग तेही बाजूला ठेवलं. असं करत सहा झाली.

सातवं हातात घेतलं. तिने इतकं धुतलंय की पट्टे फिकट झालेत. ते गुंडाळलं, उभी राहिले. इथे सगळ्या बायकांनी एकदम म्हणायचं असतं. घरात कोंबडीसुद्धा नव्हती. मग मीच म्हटलं, नाही शोभत. घडी घालून सहांच्या वर ठेवलं.

तू येऊ नकोस एवढ्यात. कधी ये ते मी कळवीन, किंवा नाही कळवणार.

सिंबोकला आज ना उद्या सांगावं लागेल. तू सांग. नाही, नको, थांब. या पत्रातलं तिला एवढंच वाच, की कापडं पोचली.

रुबिनेम